अकाउंट्समधून फॉरेन्सिककडे वळायचंय, शिकायचं कुठून आणि कसं?

व्हाउचर_वाली

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नऊ वर्षं अकाउंट्समध्ये काढली, त्यातली शेवटची तीन इंटर्नल ऑडिटला. मागच्या वर्षी आमच्याकडे एक प्रकरण झालं. तपशील देत नाही, पण थोडक्यात सांगायचं तर एक पार्टी (म्हणजे माल पुरवणारा) अस्तित्वातच नव्हती आणि तिच्या नावाने दोन वर्षं बिलं निघत होती. बाहेरून फॉरेन्सिकची (म्हणजे हिशोबातले घोटाळे तपासणारी) टीम आली, टीम म्हणजे फक्त दोघंच, आणि आठ दिवसांत त्यांनी सगळं उलगडून ठेवलं. मला झोंबलं ते हे की त्यांनी ज्या कागदांवरून काढलं ते सगळे कागद माझ्या टेबलावरून गेलेले, वर माझी टिक. बिल होतं, सही होती, शिक्का होता, बेरीज बरोबर होती, मी पुढे सरकवलं.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे शिकायचं. आता प्रश्न असे की आधी सर्टिफिकेट करावं की आधी काम मिळवावं, एक्सेलवर भागतं की प्रोग्रॅमिंग लागतंच, कायदा किती वाचावा लागतो. आणि शेवटचा जरा लाजत विचारते, मी फार भिडस्त आहे, समोरच्याला खोचून विचारायची वेळ आली की मलाच घाम फुटतो. अशा माणसाचं या लाइनीत काही होतं का?

---

टिकमार्क

चांगला धागा. पण आधीच सांगतो, ऑडिटवाल्यांना झोडपायची ही जागा नाही :) ऑडिट हे सॅम्पलवर चालतं आणि 'एकंदर चित्र बरोबर आहे का' एवढंच सांगतं. फॉरेन्सिकवाला येतो तेव्हा त्याला आधीच माहीत असतं की कुठेतरी पाणी मुरतंय. तुम्हाला त्या दिवशी शंका घ्यायचं काम दिलेलंच नव्हतं, त्यामुळे स्वतःला फार लावून घेऊ नका.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर जगभर चालणारं म्हणजे सीएफई, सर्टिफाइड फ्रॉड एक्झॅमिनर. देणारी संस्था एसीएफई, १९८८ साली जोसेफ वेल्स यांनी काढली, ते आधी एफबीआयमध्ये होते आणि अकाउंटंटही. अभ्यासक्रमात घोटाळ्यांचे प्रकार, कायदा, तपास आणि प्रतिबंध असं सगळं येतं. मी केलंय. भाषा कळते, प्रकार कळतात. हात बसतो म्हणाल तर नाही, तो कामानेच बसतो.

---

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. शिल्लक_शून्य काका कुठायत?

---

शिल्लक_शून्य

आलो आलो.

व्हाउचरताई, तुम्ही स्वतःच उत्तर लिहून ठेवलंय, बिल होतं, सही होती, शिक्का होता, बेरीज बरोबर होती. यात एकही गोष्ट कंपनीच्या बाहेरून आलेली नाही. म्हणजे बिल आलं असेल बाहेरून, पण तुमच्या हातात दिलं कोणी? आतल्याच माणसाने. पहिले सहा महिने मी शिकाऊ मुलांना एवढंच करायला लावतो, प्रत्येक कागदावर पेन्सिलने लिहायचं, हा माझ्यापर्यंत कोणाच्या हातून आला. बस. मुलं कंटाळतात, म्हणतात सर आम्हाला सॉफ्टवेअर शिकवा. आणि मग कधीतरी एका बँक स्टेटमेंटच्या पीडीएफवर लिहितात 'कॅशियरने मेल केलं' आणि स्वतःच थबकतात.

मोठमोठी प्रकरणं आठवून बघा. इटलीची दूध कंपनी पारमलात, २००३. केमन बेटांवरच्या उपकंपनीचे ३.९५ अब्ज युरो एका अमेरिकन बँकेत पडून आहेत असं बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र फायलीत होतं. बँकेला विचारलं तर ती म्हणाली आमच्याकडे असं खातंच नाही. पत्र स्कॅनर आणि फॅक्स वापरून घरीच बनवलेलं. आपलं सत्यम बघा, ७ जानेवारी २००९ चं रामलिंग राजूंचं पत्र, ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक मुळात नाहीच. जर्मनीची पेमेंट कंपनी वायरकार्ड, जून २०२०, १.९ अब्ज युरो फिलिपिन्समधल्या दोन बँकांत आहेत म्हणे, आणि त्या दोन्ही बँका म्हणाल्या की कागद खोटे आहेत. तीन देश, सतरा वर्षं, आणि चोरी तीच, बँकेतली शिल्लक. जी तपासायला सगळ्यात सोपी असं आपण समजतो.

भिडस्तपणाचं नंतर बोलू, तो मला तरी दोष वाटत नाही.

---

टिकमार्क

काका, इतिहास काढायचाच तर आमच्या बाजूचाही काढा. १९३८ सालचं मॅककेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचं प्रकरण. गोदामातला माल खोटा, येणी खोटी, आणि ऑडिटरने दोन्ही कागदावरच तपासलेलं कारण तेव्हाची रीतच तशी होती. त्यानंतर अमेरिकेत माल स्वतः जाऊन बघायचा आणि येणेकऱ्याला थेट पत्र टाकायचं हे नेहमीचं झालं. म्हणजे सुधारतो आम्ही, फक्त आधी ठेच लागावी लागते.

---

शिल्लक_शून्य

आणि माल 'बघून' पण भागत नाही हे १९६३ ला कळलं. सॅलड ऑइलचं प्रकरण, न्यू जर्सी. तेलाच्या टाक्या, त्यांच्यावर कोट्यवधींचं कर्ज. तपासणारे आले, टाकीत बघितलं, तेल दिसलं. खाली सगळं पाणी! तेल तरंगतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं हो. मुद्दा काय, टाकीचं झाकण उघडून वरून डोकावणं म्हणजे तपासणी नाही, तळापर्यंत काठी घालायची.

---

डेटाखणक

एक्सेलच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. सुरुवातीला एक्सेल पुरतं, अगदी मस्त पुरतं, पिव्होट, डुप्लिकेट शोधणं, दोन शीट एकमेकांशी जुळवून बघणं आणि तारखेवरून वार काढणं एवढं आलं की ऐंशी टक्के काम होतं, पुढे नोंदी लाखांत गेल्या की एसक्यूएल किंवा पायथन शिका, पण भाषा शिकायच्या आधी प्रश्न शिका म्हणजे कर्मचाऱ्याचं बँक खातं आणि पार्टीचं खातं कुठे एक आहे का, सुट्टीच्या दिवशी एन्ट्री कोणी टाकली, मंजुरीच्या मर्यादेच्या जरा खाली किती बिलं आहेत, एका पार्टीची बिलं ओळीने ४१, ४२, ४३ अशी येतात का (म्हणजे त्या पार्टीला आपल्याशिवाय दुसरं गिऱ्हाईकच नाही की काय).

आणि बेनफर्ड! बेनफर्ड शिका, मजा येते. नैसर्गिकरीत्या जमलेल्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण ३०.१ टक्के, ९ असण्याचं जेमतेम ४.६. सायमन न्यूकोम्ब यांना हे १८८१ मध्ये लॉगरिदमच्या पुस्तकाची पहिली पानं जास्त मळलेली बघून सुचलं आणि फ्रँक बेनफर्ड यांनी १९३८ मध्ये वीस हजारांवर आकडे गोळा करून दाखवलं. माणूस मनाने आकडे रचतो तेव्हा हे प्रमाण त्याला पाळता येत नाही.

---

टिकमार्क

बेनफर्डने मी एकदा अख्खा विभाग संशयित ठरवला होता. नंतर कळलं त्या विभागात फक्त एकाच ठरावीक दराच्या पावत्या फाडतात. सांभाळून.

---

डेटाखणक

हो ते आहेच. ठरावीक दर, वरखालून मर्यादा घातलेले आकडे, फोन नंबरसारखे नेमून दिलेले क्रमांक, किंवा नोंदीच थोड्या असतील तर तिथे चालवायचाच नाही. तो वास देतो, पुरावा देत नाही.

---

मेकरचेकर

बँकेत पंचवीस वर्षं काढली म्हणून एक भर टाकते. तंत्र शिका, पण लबाडी करणारा माणूस कसा असतो हेही शिका, कारण तो आपल्या कल्पनेतल्या चोरासारखा दिसत नाही. डोनाल्ड क्रेसी या गुन्हेशास्त्रज्ञांनी तुरुंगात जाऊन अफरातफर केलेल्या लोकांशी बोलून १९५३ मध्ये मांडलं की तीन गोष्टी जुळून याव्या लागतात, कोणाला सांगता येत नाही अशी पैशाची अडचण, हाताशी संधी, आणि 'मी उसनेच घेतोय, परत टाकणार आहे' अशी मनाची समजूत. पुढे लोकांनी याला फ्रॉड ट्रँगल म्हटलं. यातली तिसरी बाजू मी डोळ्यांनी बघितलीय. आमच्याकडच्या एकाने डायरीत प्रत्येक रक्कम लिहून ठेवली होती, 'परत करायची' म्हणून. व्याजासकट!

आणि रजा न घेणारी माणसं. आमच्याकडे सलग रजा सक्तीची होती, लोक वैतागायचे. अमेरिकेत डिक्सन नावाच्या छोट्या गावाच्या कंट्रोलर (गावाचा हिशोब सांभाळणाऱ्या) होत्या रिटा क्रंडवेल, दोन दशकांत ५.३७ कोटी डॉलर काढले, त्यातून शर्यतीचे, नव्हे प्रदर्शनाचे घोडे पाळले, नामांकित घोडे. २०११ मध्ये त्या लांब रजेवर गेल्या, त्यांच्या जागी बसलेल्या बाईंनी बँकेकडून सगळी स्टेटमेंटं मागवली आणि त्यात गावाच्या नावाचं एक अनोळखी खातं निघालं. सोळा-एक हजार वस्तीचं गाव, दरवर्षी ऑडिट व्हायचं.

बेरिंग्ज बँक तर सगळ्यांना माहीत आहे. १९९५, खातं क्रमांक ८८८८८, सौदे करणारा निक लीसन आणि सौद्यांचा हिशोब ठेवणाराही तोच. ८२.७ कोटी पौंडांचा तोटा. मेकर (व्यवहार करणारा) आणि चेकर (तो तपासणारा) एकच, माझ्या आयडीचं कारण.

---

अर्धवट_वकील

कायदा किती, याचं माझं उत्तर: पुराव्यापुरता भरपूर, बाकी वकिलाला विचारा. तुमची फाइल शेवटी ज्याच्यासमोर जाणार त्याला डेबिट-क्रेडिट कळत नाही असं धरून चाला, आणि समोरचा वकील एकच प्रश्न विचारणार आहे, हा कागद जप्त केल्यापासून आजपर्यंत कुठे होता. त्यामुळे मूळ कागदावर टिक मारायची नाही, खूण करायची नाही, पंच मशीनने भोकसुद्धा पाडायचं नाही (ऑडिटवाल्यांचा हात शिवशिवतो इथे). संगणकाची फाइल थेट उघडायची नाही, उघडली की तारखा बदलू शकतात. आधी प्रतिमा (डिस्कची जशीच्या तशी प्रत) काढायची, तिचा हॅश (फाइलीत जरा जरी बदल झाला तरी बदलणारा ओळख-क्रमांक) काढायचा, लिहून ठेवायचा, आणि काम प्रतीवर. कोणी कोणाला कधी काय दिलं याची साखळी कागदावर, सह्यांसकट. एक कडी तुटली की बाकी तपास कितीही चांगला असो, त्याचा रद्दीभाव.

दुसरं, अहवालात 'चोरी केली', 'अपहार केला', 'दोषी' हे शब्द वापरायचे नाहीत. ते ठरवणं आपलं काम नाही. काय दिसलं ते लिहा.

---

रात्रपाळी

पण साहेब, हातात पुरावाच नसेल तर? सगळा रोखीचा मामला असेल, वह्याच नाहीत, तर अकाउंटंट काय करणार?

---

मेकरचेकर

मग माणसाचं राहणीमान मोजायचं. याला नेट वर्थ पद्धत म्हणतात, आकडा घेऊन दाखवते. गेल्या वर्षअखेर मालमत्ता २० लाख, कर्ज १२ लाख, म्हणजे निव्वळ ८. यंदा मालमत्ता ३१, कर्ज ९, निव्वळ २२. वाढ झाली १४ लाखांची. त्यात वर्षाचा घरखर्च ६ मिळवा, झाले २०. माहीत असलेलं उत्पन्न ९. उरलेले ११ लाख आले कुठून ते आता त्यांनी सांगायचं. खर्चाच्या अंगाने असाच हिशोब मांडता येतो. अल कपोनला १९३१ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली ती करचुकवेगिरीत, गोळीबारात नव्हे. फ्रँक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुगाराच्या अड्ड्यांच्या खतावण्या आणि त्याचा खर्च यांवरून ते उत्पन्न बांधत नेलं.

यात पाय घसरतो तो सुरुवातीच्या आकड्यावर. समोरचा हटकून म्हणतो की माझ्याकडे घरात आधीपासून रोकड होती, किंवा नातेवाइकांनी दिली. त्यामुळे ते पहिलं ८ लाख जेवढं पक्कं कराल तेवढं पुढचं उभं राहील.

---

व्हाउचर_वाली

बापरे, एवढं सगळं एका दिवसात! मेकरताई, तो परत करायच्या डायरीचा किस्सा डोक्यातून जात नाहीये.

काका, भिडस्तपणाचं राहिलं.

---

शिल्लक_शून्य

हां. टीव्हीवर दाखवतात तसं टेबलावर हात आपटून कोणी कबूल होत नाही, आणि झालाच तर ते टिकत नाही. ब्रिटनमध्ये पोलिसांनी नव्वदच्या दशकात दरडावायची पद्धत सोडून पीस नावाची पद्धत आणली, तयारी करा, ओळख करून द्या, माणसाला त्याच्या शब्दांत सगळं सांगू द्या, मग खुलासे मागा. त्याआधी दबावाखालच्या खोट्या कबुल्यांनी निरपराध लोक आत गेले होते. आमच्या कामात तेच चालतं. क्रम असा की ज्याचा संबंध लांबचा त्याच्याशी आधी बोलायचं, ज्याच्यावर संशय त्याच्याशी सर्वांत शेवटी, आणि तोपर्यंत बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे कागदावर असायला हवीत. 'तुम्ही हे का केलं' नाही विचारायचं. 'बिल आल्यापासून पैसे जाईपर्यंत काय काय होतं, जरा समजावून सांगता का?' एवढंच, मग गप्प बसायचं. गप्प बसणं भिडस्त माणसाला छान जमतं, बोलक्याला नाही. आणि एकटं बसायचं नाही, दुसरा माणूस टिपणं घ्यायला. नाकाला हात लावला म्हणजे खोटं बोलतोय वगैरे जे शिकवतात ते विसरा, निरपराध माणूसही घाबरून नाक खाजवतो.

बाकी लिहून शिकता येणार नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा, एक फाइल टाकलीय. मी मुलांना देतो ती सरावाची केस, सगळे आकडे बनवलेले. चार शीट आहेत, पेमेंट रजिस्टर १४ महिन्यांचं, १,८४० नोंदी, मग पार्ट्यांचा मास्टर (नाव, पत्ता, बँक खातं यांची यादी), मास्टरमध्ये केलेल्या बदलांचा लॉग (नोंदवही), आणि हजेरीपट. मंजुरीची मर्यादा ५०,०००. सोबत काही करारांचे स्कॅन. घाई नाही.

---

व्हाउचर_वाली

(चार दिवसांनी)

सापडलं!! म्हणजे मला तरी तसं वाटतंय. डेटाखणक यांनी सांगितलेला बेनफर्ड पहिल्या दोन अंकांवर चालवला. ४८ ने सुरू होणाऱ्या रकमा गणिताने साधारण १६ यायला हव्यात, निघाल्या ३०. उघडून बघितलं तर पार्टी क्रमांक ३१७, दर महिन्याला एक बिल, प्रत्येक ४८,९००. मर्यादेच्या जेमतेम खाली! बिल नंबर ६१ ते ७४, ओळीने, मध्ये एकही गाळलेला नाही. सगळी महिनाअखेरची. एकाही बिलाला माल मिळाल्याची पावती नाही. पत्ता राहत्या घराचा. बनावट पार्टी, आणि बिलं पुढे पाठवणारा प्रत्येक वेळी खरेदी विभागातला तोच एक क्लार्क. आमच्याकडच्या प्रकरणाची हुबेहूब कॉपी, बघताक्षणी ओळखलं.

---

रात्रपाळी

वाह ताई! धर त्याला :)

---

शिल्लक_शून्य

करारांचे स्कॅन उघडले होते का?

---

व्हाउचर_वाली

चाळले... थांबा बघते.

...

३१७ चा साफसफाईचा वार्षिक करार आहे. महिना ४८,९०० ठरलेले. समितीने मंजूर केलाय, तीन कोटेशनं जोडलीत. सेवा आहे त्यामुळे माल मिळाल्याची पावती येणारच नाही. आणि करारातच लिहिलंय की या कामासाठी वेगळं बिलबुक ठेवायचं, म्हणून नंबर ओळीने. छोटा व्यवसाय, घरूनच चालवतात.

मेले मी.

---

डेटाखणक

आणि गणित पण चोख बसतंय बघा, ३० मधून कराराची १४ वजा केली की १६ राहतात, म्हणजे जेवढे असायला हवे तेवढेच, बेनफर्डने खोटं नाही सांगितलं, तो फक्त म्हणाला इथे काहीतरी वेगळं आहे आणि ते खरंच वेगळं होतं, चोरी नव्हती एवढंच.

---

शिल्लक_शून्य

वाईट वाटून घेऊ नका, माझी दहातली आठ मुलं ३१७ वरच जातात, ती ठेवलीच त्यासाठी आहे. पण तुम्ही काय केलंत ते बघा. एकदा तोंड पोळलं म्हणून सगळीकडे बनावट पार्टी शोधलीत, सापडल्यासारखी वाटली, आणि मग एका क्लार्कचं नाव घेऊन मोकळ्या झालात. तो क्लार्क खरा असता आणि हे ऑफिसात बोलला असतात तर त्याची नोकरी राहिली असती पण लोकांची नजर बदलली असती, ती परत सरळ होत नाही. संशयाला एकच नाव कधी ठेवायचं नाही. शेजारी दुसरा रकाना आखायचा, 'हे निर्दोष असेल तर काय काय दिसेल', आणि तो आधी भरायचा.

आता लॉग उघडा. फक्त लॉग, बाकी काही नाही.

---

टिकमार्क

दुसऱ्या रकान्याची आयडिया मी चोरतोय काका. परवानगी गृहीत धरून.

---

अर्धवट_वकील

'चोरतोय' नाही, 'परवानगीशिवाय घेतल्याचे दिसून येते'.

---

व्हाउचर_वाली

(दोन दिवसांनी)

या वेळी घाई केली नाही, दोन्ही रकाने भरले.

पार्टी क्रमांक ८८. जुनी, खरी, मोठी पार्टी, वर्षानुवर्षं माल देतेय, करारही आहे, पावत्याही आहेत. १४ महिन्यांत तिचं बँक खातं चार वेळा बदललंय. दर वेळी मंगळवारी बदललं, गुरुवारी पेमेंट गेलं, शुक्रवारी जुनं खातं परत टाकलं. चारही वेळा नवं खातं एकच. आज मास्टर उघडला तर सगळं बरोबर दिसतं, म्हणून पहिल्यांदा माझ्या नजरेतून सुटलं, मी आजचा मास्टर बघत होते आणि बदलांचा लॉग सोडून दिला होता.

मग त्या चार गुरुवारी गेलेली बिलं बघितली. चारही बिलं पाच-सहा आठवडे आधीच एकदा दिलेली! पहिल्यांदा बिल नंबर आय-१२०४, दुसऱ्यांदा आय१२०४, मधली आडवी रेघ काढलेली, त्यामुळे सिस्टिमला ते वेगळं बिल वाटलं. रक्कम तीच, पैशापर्यंत. मी डुप्लिकेट शोधली होती पण बिल नंबर जसाच्या तसा जुळवून, त्यामुळे हाती काही लागलं नाही. आता रेघा, मोकळ्या जागा, सुरुवातीचे शून्य सगळं काढून टाकून रक्कम आणि पार्टी यांवर जुळवलं तर बरोबर चार जोड्या.

पार्टीने बोंब का मारली नाही? कारण तिला तिचे पैसे पहिल्याच वेळी मिळाले होते. आपल्या वहीत तिची बिलं चार जास्त आणि पेमेंटही चार जास्त, खातं शून्यावर. शिल्लक जुळते. पण पार्टीकडून तिचं स्टेटमेंट मागवलं असतं, थेट तिच्याकडून, तर त्यात ती चार बिलंही नसती आणि चार पेमेंटही नसती.

निर्दोष रकाना: पार्टीने खरंच दुसरं खातं दिलं असेल? मग तीन दिवसांत परत जुनं का, आणि चार वेळा? मागणीपत्र असायला हवं, फाइलीत नाही. चुकून दोनदा दिलं असेल? मग नेमकं त्याच आठवड्यात खातं बदललेलं का? चारही बदल एम-०७ या लॉगिनने.

तर अहवालाचं शेवटचं वाक्य असं लिहिलंय, बघा जमलंय का: 'मास्टर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने (एम-०७) पार्टी क्र. ८८ चे बँक खाते चार वेळा तात्पुरते बदलून दुबार बिलांची रक्कम अन्य खात्यात वळवल्याचे दिसून येते.' अपहार शब्द नाही वापरला वकीलसाहेब!

---

अर्धवट_वकील

अपहार गेला, पण 'कर्मचाऱ्याने' राहिलंय. आणि 'वळवल्याचे'.

---

मेकरचेकर

शाब्बास गं! आडवी रेघ पकडलीस म्हणजे जिंकलंस. आमच्याकडे तर ओ अक्षर आणि शून्य अंक यांची अदलाबदल केलेली निघाली होती, डोळ्याने बघून सात जन्मात कळलं नसतं.

एक विचारू? गुरुवारी पेमेंट सोडलं कोणी? खातं बदललेलं एकाने, पेमेंट मंजूर करणारा दुसरा असणार ना. त्याला बदललेलं खातं पडद्यावर दिसतं का, की नुसतं पार्टीचं नाव?

---

डेटाखणक

आणि ते नवं खातं कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या खात्यांशी जुळवलं का? फाइलीत पगाराची शीट नाहीये म्हणा, काका मुद्दाम दिलेली दिसत नाही.

---

शिल्लक_शून्य

नाही दिली. खऱ्या प्रकरणातही पहिल्या दिवशी मिळत नाही, मागावी लागते, आणि मागितली की सगळ्यांना कळतं कोणावर नजर आहे. कधी मागायची हाही शिकायचाच भाग.

ताई, काम छान झालंय, मनापासून. आणखी एक आकडा कानावर घालतो. एसीएफईच्या दर दोन वर्षांच्या पाहणीत घोटाळे उघडकीला येण्याचा सर्वांत मोठा मार्ग निघतो तो कोणीतरी दिलेल्या खबरीचा, चाळीस टक्क्यांच्या वर, आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आतले कर्मचारी. बाहेरच्या ऑडिटमधून जेमतेम ३-४ टक्के. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या टेलिफोन कंपनीचं २००२ मध्ये बाहेर आलं ते सिंथिया कूपर यांच्या इंटर्नल ऑडिट टीममुळे, रात्री बसून नोंदी तपासायचे, ३.८ अब्ज डॉलरचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवलेला काढला. इंटर्नल ऑडिट, तुमचीच खुर्ची. तेव्हा नोकरी सोडून आधी कोर्स करू का वगैरे विचार तूर्तास बाजूला ठेवा, परीक्षा देता येईल शेजारी शेजारी.

आता ते वाक्य. एम-०७ हे लॉगिन आहे. माणूस नाही. तुम्ही लिहिलंय 'कर्मचाऱ्याने'. चौथी शीट उघडली होती का?

---

व्हाउचर_वाली

हजेरीपट? तो नाही उघडला, वाटलं पगारासाठी असेल.

---

शिल्लक_शून्य

चार मंगळवारांच्या तारखा घ्या आणि त्यात शोधा.

---

व्हाउचर_वाली

चारपैकी दोन मंगळवारी एम-०७ वाली व्यक्ती रजेवर आहे.

वाक्य परत लिहिते. आणि काका, त्या दोन दिवशी कोण कोण हजर होतं त्याची यादी काढतेय, पण या वेळी नाव इथे टाकणार नाही.